प्रसिद्ध ब्रँडच्या नावावर सहलींची जाहिरात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहल आयोजक, गाईड, बुकिंग एजंट आणि काही वेळा स्वतः पर्यटक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे भारतातील कायद्याला धरून आहेत. ज्यांच्या हाती प्रत्यक्ष नोटीस पडली आहे त्यांनी आधी प्रश्न १२ वाचावा आणि कागदपत्रे घेऊन वकिलाकडे जावे.

१. ट्रेडमार्क म्हणजे नेमके काय, आणि सहलीच्या धंद्यात त्याचा प्रश्न येतोच कुठे?

ज्या नावावरून, चिन्हावरून किंवा आकृतीवरून एखादी वस्तू वा सेवा कोणाची आहे हे गिऱ्हाइकाला ओळखता येते, तो त्या व्यावसायिकाचा ट्रेडमार्क. भारतात यासाठी ट्रेडमार्क कायदा, १९९९ आहे आणि तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. नोंदणी एकूण ४५ वर्गांत होते. प्रवासाची आणि सहलींची व्यवस्था ३९ व्या वर्गात मोडते, तर हॉटेल आणि खानपान सेवा ४३ व्या वर्गात. नोंदणी १० वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण कितीही वेळा करता येते. नोंदणी नसलेले पण लोकांत रुजलेले नावही उघड्यावर पडलेले नसते, कारण आपली सेवा दुसऱ्याची म्हणून खपवणे, म्हणजे वकिलांच्या भाषेत 'पासिंग ऑफ', याविरुद्ध दावा करण्याचा हक्क कलम २७ ने कायम ठेवला आहे.

सहलीच्या धंद्यात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. साडी घेणारा ती हातात घेऊन पाहतो, सहल घेणारा मात्र आधी पैसे भरतो आणि सेवा महिन्या-दोन महिन्यांनी पाहतो. पैसे भरताना त्याच्यापुढे पत्रकावरच्या नावाखेरीज भरवशाचे फारसे काही नसते, म्हणून त्या नावाबाबत काटेकोर राहणे हे आयोजकाचे कर्तव्यच आहे.

२. आमची बस खरोखरच त्या प्रसिद्ध ठिकाणी जाते. मग जाहिरातीत त्याचे नाव का घालू नये?

घालता येते. या विषयावरील सर्वांत मोठा गैरसमज असा आहे, की प्रसिद्ध ब्रँडचे नाव परवानगीशिवाय उच्चारणेच गुन्हा आहे. तसे नाही. कायद्याच्या कलम ३०(१) नुसार, ती वस्तू किंवा सेवा मूळ मालकाचीच आहे हे ओळखू यावे एवढ्यासाठी त्याचा नोंदणीकृत ट्रेडमार्क कोणीही वापरू शकतो. त्याला दोन अटी आहेत: वापर प्रामाणिक व्यापारी रीतीला धरून असावा, आणि त्या नावाच्या वेगळेपणाचा वा लौकिकाचा गैरफायदा घेणारा किंवा त्याला बाधा आणणारा नसावा.

नाशिकचे उदाहरण घेऊ. मुंबई-पुण्याहून नाशिकला द्राक्षबागा आणि वायनरी दाखवायला नेणारे अनेक आयोजक आहेत आणि सुला विनयार्ड्स हे नाव पर्यटकांच्या तोंडी असते. समजा, एका आयोजकाचे पत्रक असे आहे: वर मोठ्या अक्षरांत 'सुला वाइन टूर, दर शनिवारी', शेजारी वायनरीचे चिन्ह, आणि आयोजकाचे स्वतःचे नाव अगदी तळाशी, मोबाईल क्रमांकाच्या आधी, बारीक अक्षरांत. दुसऱ्याचे पत्रक असे: वर स्वतःच्या कंपनीचे नाव, त्याखाली 'नाशिक द्राक्षबाग सहल, एक दिवस', आणि आत कार्यक्रमपत्रिकेत 'दुपारी १२ ते २: सुला विनयार्ड्स येथे भेट, टेस्टिंगचे शुल्क ज्याचे त्याने तेथे भरावे'. दोघांचीही बस त्याच दारात थांबते. तरीही दुसऱ्याने गाडी कुठे जाते एवढेच सांगितले आहे, आणि पहिल्याने गाडी कोणाची आहे याबद्दल वाचणाऱ्याची दिशाभूल केली आहे. कायदा नेमका हाच फरक पाहतो.

आपले पत्रक तपासताना तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. ते नाव घेतल्याशिवाय ठिकाण सांगता येत नाही का? नाव गरजेपुरतेच आणि साध्या अक्षरांत घेतले आहे का? आणि पत्रक वाचणाऱ्याला त्या ब्रँडने ही सहल काढली आहे, पुरस्कृत केली आहे किंवा मान्य केली आहे असे वाटेल का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'होय' आणि तिसऱ्याचे ठाम 'नाही' असेल, तर परवानगी नसतानाही आपली बाजू भक्कम असते.

३. सहलीच्या शीर्षकात ब्रँडचे नाव घेतले आणि पुढे 'टूर' किंवा 'दर्शन' जोडले, तर ते वेगळे नाव होत नाही का?

होत नाही. 'टूर', 'दर्शन', 'सफर', 'हॉलिडेज' हे शब्द या धंद्यात प्रत्येकजण वापरतो. लक्षात राहतो तो त्यांच्या आधीचा शब्द. तो शब्द दुसऱ्याचा असेल तर जोडशब्दाने तो आपला होत नाही. शीर्षक, कंपनीचे नाव, गाडीवरची पाटी, संकेतस्थळाचा पत्ता आणि इन्स्टाग्रामवरील खात्याचे नाव या जागा 'ही सेवा कोणाची' हे सांगणाऱ्या आहेत, म्हणून तेथे दुसऱ्याचे नाव नकोच. कार्यक्रमपत्रिका, नकाशा आणि 'काय पाहाल' हा मजकूर 'कुठे जाणार' हे सांगतो, आणि तेथे ते नाव सहसा निर्धोक असते. संकेतस्थळाच्या पत्त्यालाही हेच नियम लागू होतात हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात स्पष्ट केले आहे.

४. नुसते नाव नको, पण लोगो वापरला तर चालेल का? पत्रक उठून दिसते.

चालणार नाही. ठिकाण सांगायला नाव पुरते. लोगोची, त्यांच्या ठरावीक रंगसंगतीची किंवा अक्षरांच्या वळणाची गरज पडत नाही, त्यामुळे प्रश्न २ मधील 'गरजेपुरते' ही कसोटी येथे कोसळते. शिवाय लोगो ही बहुधा कॉपीराइट असलेली कलाकृतीही असते, म्हणजे एका चुकीतून दोन दावे उभे राहू शकतात. छापखान्यातील मुलाने नेटवरून लोगो उतरवून फ्लेक्सवर टाकला, हा बचाव न्यायालयात टिकत नाही. छपाईला मंजुरी देणारा आयोजक जबाबदार असतो, आणि कलम २९(७) नुसार परवानगी नाही हे माहीत असताना छापणाराही अडकू शकतो.

५. इमारतीच्या फोटोचे काय? मुंबई दर्शनच्या पत्रकावर गेटवेशेजारचे ताज हॉटेल तर सगळेच छापतात.

१९०३ मध्ये सुरू झालेल्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीचे बाह्यरूप २०१७ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदले गेले. इमारतीच्या रूपाची अशी नोंदणी भारतात पहिलीच होती. त्यानंतर अनेक आयोजकांनी घाबरून पत्रके बदलली, पण तेवढी घाबरण्याची गरज नव्हती.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार वास्तूचे छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे हे कॉपीराइटचे उल्लंघन ठरत नाही. ट्रेडमार्कच्या बाजूने पाहिले, तर अपोलो बंदराच्या धक्क्यावरून दिसणारे दृश्य म्हणून, गेटवे ऑफ इंडियासोबत हॉटेलही आलेले छायाचित्र पत्रकात असणे हे मुंबईतील ठिकाण दाखवणे आहे. तीच इमारत एकटी उचलून तिचे रेखाचित्र स्वतःच्या कंपनीचे बोधचिन्ह म्हणून किंवा टोप्या, पिशव्या आणि तिकिटांवर शिक्क्यासारखे वापरले, की मात्र तो ट्रेडमार्कचा वापर होतो. छायाचित्र दुसऱ्या छायाचित्रकाराचे असेल तर त्याची परवानगी लागते. या बाबीकडे सर्रास दुर्लक्ष होते, म्हणून मुद्दाम लिहिले.

६. तळाशी 'आमचा सदर कंपनीशी संबंध नाही' अशी ओळ टाकली की झाले ना?

ही ओळ उपयोगी आहे, पण ती बाकीचे पत्रक प्रामाणिक असेल तरच. शीर्षकाने, रंगाने आणि लोगोने जो समज करून दिला तो तळाची बारीक ओळ पुसू शकत नाही, कारण गिऱ्हाईक पत्रक वरून खाली वाचते आणि पुष्कळदा निम्म्यातच फोन लावते. ओळ घालायची असेल तर ती ब्रँडच्या नावाजवळच, वाचता येईल अशा अक्षरांत आणि पत्रक ज्या भाषेत आहे त्याच भाषेत घालावी.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. कलम २९(९) नुसार ट्रेडमार्कचे उल्लंघन बोलण्यातूनही होऊ शकते. पत्रकावर ओळ आहे, पण फोनवर 'ही त्यांचीच टूर आहे ना?' असे विचारल्यावर बुकिंगवरचा माणूस 'हो, हो, त्यांचीच' म्हणतो, असे असेल तर ती ओळ निरर्थक ठरते. कर्मचाऱ्यांना या एका प्रश्नाचे खरे उत्तर शिकवून ठेवावे.

७. ते हॉटेल चालवतात, आम्ही सहली काढतो. धंदाच वेगळा, मग तक्रार कसली?

साध्या ट्रेडमार्कच्या बाबतीत धंदा समान किंवा जवळचा आहे का हे पाहिले जाते. हॉटेल आणि सहल हे तर गिऱ्हाइकाच्या मनात शेजारीच राहतात. भारतात लौकिक असलेल्या नोंदणीकृत नावाला कलम २९(४) चे संरक्षण आहे आणि तेथे धंदा पूर्ण वेगळा असला तरी, कारण नसताना त्या लौकिकाचा गैरफायदा घेतला किंवा त्याला धक्का लावला एवढे पुरते. १९९० च्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयाने मोटारींच्या 'बेंझ' या नावाने अंतर्वस्त्रे विकण्यास मनाई केली. मोटारी आणि अंतर्वस्त्रे यांचा काहीही संबंध नव्हता, पण नावाच्या वजनाचा फायदा उचलला जात होता. याखेरीज 'सुविख्यात ट्रेडमार्क' असा वेगळा दर्जा आहे आणि २०१७ च्या नियमांतील नियम १२४ नुसार त्यासाठी थेट रजिस्ट्रारकडे अर्ज करता येतो. अशा नावांची यादी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. सहलीचे नाव ठरवण्याआधी ती यादी आणि ३९ व्या वर्गातील सार्वजनिक शोध, दोन्ही पाहावेत; शोधाला पैसे पडत नाहीत.

८. ब्रँड परदेशी आहे आणि भारतात त्यांचे दुकानसुद्धा नाही. तरीही अडचण येईल का?

येऊ शकते, पण आपोआप येत नाही. १४ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टोयोटा आणि प्रियस ऑटो इंडस्ट्रीज यांच्यातील खटल्यात ट्रेडमार्कचा हक्क देशाच्या सीमेपुरता पाहावा, हे तत्त्व मान्य केले. टोयोटाची 'प्रियस' मोटार जपानमध्ये १९९७ पासून होती, पण २००१ मध्ये भारतीय कंपनीने हे नाव वापरायला सुरुवात केली तेव्हा भारतातील गिऱ्हाइकांत त्या नावाचा पुरेसा लौकिक पोचल्याचा पुरावा टोयोटाला देता आला नाही.

या निकालावर विसंबून कोणी परदेशी नाव उचलू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तो निकाल २००१ च्या परिस्थितीवर उभा होता. आज पुण्यातला किंवा कोल्हापुरातला पर्यटक परदेशी थीम पार्कची तिकिटे फोनवर पाहतो, त्यामुळे लौकिक भारतात पोचला आहे हे दाखवणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. शिवाय पुष्कळ परदेशी कंपन्यांनी प्रत्यक्ष धंदा सुरू करण्याआधीच भारतात नोंदणी करून ठेवलेली असते. अमेरिका किंवा युरोप सहलीच्या कार्यक्रमात 'तिसरा दिवस: डिस्नेलँड' असे लिहिणे प्रश्न २ प्रमाणे योग्यच आहे. परदेशात राहून तेथेच मराठी मंडळींसाठी सहली काढणाऱ्यांना मात्र त्या देशाचा कायदा लागू होईल.

९. गुगलवर मोठ्या प्रवास कंपनीचे नाव शोधले की आमची जाहिरात दिसावी, असे कीवर्ड विकत घेतले तर?

या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत न्यायालयांचे मत घडत गेले आहे आणि त्यातला मुख्य खटला प्रवासधंद्यातलाच आहे. मेकमायट्रिपचे नाव कीवर्ड म्हणून वापरून बुकिंग डॉट कॉमची जाहिरात दाखवली जाते, या तक्रारीवर दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने एप्रिल २०२२ मध्ये अंतरिम मनाई दिली. डिसेंबर २०२३ मध्ये खंडपीठाने ती रद्द केली. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये डीआरएस लॉजिस्टिक्सच्या खटल्यात याच न्यायालयाने सांगितले होते, की दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरणे एवढ्यानेच उल्लंघन होत नाही. जाहिरात पाहणाऱ्याचा गोंधळ होतो का आणि नावाचा गैरफायदा घेतला जातो का, हे पाहावे लागते.

मेकमायट्रिप प्रकरणात समोरची कंपनीही स्वतःच्या नावाने सर्वपरिचित होती, त्यामुळे तिची जाहिरात पाहून लोक फसतील असे न्यायालयाला वाटले नाही. ज्याचे नाव कोणाला माहीत नाही अशा लहान आयोजकाने हा निकाल जसाच्या तसा आपल्याला लागू धरू नये. निदान एवढे पथ्य पाळावे, की दिसणाऱ्या मजकुरात, शीर्षकात आणि दुव्यात ते नाव अजिबात असू नये आणि स्वतःचे नाव ठळक असावे.

१०. 'मुंबई दर्शन' किंवा 'अष्टविनायक' ही नावे कोणी आपली म्हणून अडवू शकतो का?

गावाचे, देवस्थानाचे किंवा सहलीच्या प्रकाराचे वर्णन करणारे शब्द सर्वांचे असतात. कलम ९ नुसार अशा शब्दांची नोंदणी सहसा होत नाही, आणि कोणी चित्रासह किंवा स्वतःच्या आडनावासह नोंदणी मिळवली, तरी वर्णनासाठी तो शब्द वापरण्याची मुभा कलम ३०(२)(अ) आणि कलम ३५ देतात. अमेरिकेत बॉस्टन शहरात जमिनीवर आणि पाण्यात चालणाऱ्या गाड्यांतून शहर दाखवणाऱ्या दोन कंपन्यांत 'डक टूर्स' या शब्दांवरून भांडण झाले, तेव्हा २००८ मध्ये तेथील अपील न्यायालयाने हे शब्द अशा सहलीचे सर्वसामान्य नावच असल्याने एका कंपनीला ते अडवता येणार नाहीत, असे ठरवले. भारतीय न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण विचार तोच आहे.

म्हणून एखाद्या मोठ्या कंपनीने 'अष्टविनायक यात्रा' एवढ्या शब्दांवरून लहान आयोजकाला धमकावले, तर गप्प बसू नये. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध दावा करण्याची तरतूद कलम १४२ मध्ये आहे.

११. नटांचे बंगले दाखवणारी सहल, किंवा शिवरायांच्या किल्ल्यांची सहल: येथे तर ब्रँड नाही. मग मोकळीक आहे ना?

दोन्हींना वेगळे नियम आहेत. रस्त्यावरून दिसणारा बंगला दाखवणे आणि 'हे अमुक नटाचे घर' असे सांगणे यात ट्रेडमार्कचा प्रश्न सहसा येत नाही. पण नटाचे नाव, चेहरा किंवा आवाज जाहिरातीसाठी वापरला तर व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा प्रश्न येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या बाजूने असे आदेश दिले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजीत सिंग यांना संरक्षण दिले. नटाचे छायाचित्र पत्रकावर छापणे म्हणूनच टाळावे.

छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र यांना १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या परिशिष्टात स्थान आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरता येत नाही. 'रायगड, प्रतापगड आणि राजगड: शिवकालीन किल्ल्यांची सहल' असा इतिहास सांगणारा मजकूर आणि महाराजांची मुद्रा व नाव स्वतःच्या कंपनीचे बोधचिन्ह करणे, यांत अंतर आहे. आपल्याकडे हे भक्तिभावाने केले जाते हे खरे आहे, पण कायद्यात भक्तिभावाचा अपवाद नाही, आणि त्या नावाचा मान राखण्याचा मार्गही तो नव्हे असे मला मनापासून वाटते.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांतील ११ महाराष्ट्रात आहेत आणि जिंजी तमिळनाडूत. 'जागतिक वारसा यादीतील किल्ला' हे लिहिणे वस्तुस्थिती सांगणे आहे. युनेस्कोचे किंवा जागतिक वारशाचे चिन्ह पत्रकावर छापायला मात्र परवानगी लागते.

१२. कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे. काय करावे?

उत्तर न देणे आणि घाबरून मागतील तिथे सही करणे, या दोन्ही टोकांना जाऊ नये. नोटिशीत नोंदणी क्रमांक आणि वर्ग दिलेला असतो, तो ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर पडताळावा. आपली सर्व पत्रके, फ्लेक्सचे फोटो, जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावेत आणि जुना मजकूर पुसून पुरावा नाहीसा करू नये. चूक उघड असेल तर वापर लगेच थांबवून तसे लेखी कळवावे. लहान आयोजकांची अनेक प्रकरणे येथेच मिटतात. हमीपत्रावर सही करण्याआधी त्यात नाव गरजेपुरते घेण्याचा प्रश्न २ मधील हक्क आपण सोडून देत आहोत का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

दावा झाला तर न्यायालय कलम १३५ नुसार मनाई हुकूम देऊ शकते आणि नुकसानभरपाई किंवा मिळवलेल्या नफ्याचा हिशेब द्यायला लावू शकते. तातडीची मनाई मागितलेली नसेल, तर व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२अ नुसार दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे. सहलीच्या सेवेला जाणूनबुजून खोटा ट्रेडमार्क लावणे हा ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०३ आणि १०४ नुसार फौजदारी गुन्हा असून ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे.

१३. हॉटेलच्या मॅनेजरनेच तोंडी सांगितले, 'आमचे नाव खुशाल टाका.' ती परवानगी धरावी का?

धरू नये. ट्रेडमार्कचा मालक बहुधा कंपनी असते, शाखेचा मॅनेजर नव्हे, आणि त्याची बदली झाली की तोंडी शब्दाला साक्षीदार उरत नाही. परवानगी लेखी घ्यावी आणि तिच्यात कोणते नाव वा चिन्ह, कोणत्या सहलीसाठी, कोणत्या माध्यमात, किती काळ आणि मजकूर छपाईआधी दाखवायचा की नाही, एवढे तरी असावे. खोल्यांचे किंवा तिकिटांचे घाऊक बुकिंग केल्याने नावाचा हक्क मिळत नाही. बुकिंगच्या करारात तसे कलम आहे का ते पाहावे.

१४. आम्ही हे नाव त्यांच्याही आधीपासून वापरत आहोत. तरी सोडावे लागेल?

कदाचित नाही. समोरच्याचा वापर आणि त्याची नोंदणी या दोन्हींच्या आधीपासून तुमचा अखंड वापर असेल तर कलम ३४ तुमचे रक्षण करते. 'आधीपासून' हे कागदावर दिसले पाहिजे: जुनी पावती पुस्तके, वर्तमानपत्रातील तारखेची जाहिरात, दुकान परवाना, बँकेचे खाते.

१५. मी पर्यटक आहे. प्रसिद्ध नावावर विश्वासून पैसे भरले आणि सहल भलत्याचीच निघाली. माझ्यासाठी काय?

ट्रेडमार्कचा दावा ब्रँडच्या मालकाने करायचा असतो, पण तुमचा हक्क स्वतंत्र आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत, नसलेली मान्यता, पुरस्कार किंवा संलग्नता असल्याचे भासवणे हे स्पष्टपणे आलेले आहे. त्यामुळे सेवेत उणीव नसली तरी एवढ्यावरूनही तक्रार करता येते. भरलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. पत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवरील संवाद आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवावी, आणि ब्रँडच्या अधिकृत ईमेलवरही कळवावे. आपल्या नावाचा असा वापर होत आहे हे पुष्कळदा त्यांना फसलेल्या पर्यटकाच्या पत्रातूनच प्रथम समजते.